माणूस परदेशात, मिळकत इथे

मुंबईच्या फोर्ट भागातलं हे ब्रॅडी हाऊस. पंजाब नॅशनल बँकेची शाखा. जानेवारी २०१८ मध्ये हिरे व्यापारी नीरव मोदीच्या कंपन्यांची माणसं इथे नेहमीसारखी हमीपत्रं मागायला आली. परदेशातून माल आणायचा, त्यासाठी तिथल्या बँकेकडून पैसे उचलायचे आणि त्या पैशांना पीएनबीने हमी द्यायची, असा हा व्यवहार. टेबलावरचा अधिकारी नवा होता. त्याने हमीइतकी पूर्ण रक्कम आधी तारण म्हणून ठेवायला सांगितलं. उत्तर आलं, आजवर आम्हाला कुणी असं मागितलं नाही.

मग जुन्या नोंदी शोधल्या गेल्या, आणि त्या सापडल्याच नाहीत. हमीपत्रं ‘स्विफ्ट’ या संदेशप्रणालीवरून परदेशी बँकांना जात होती, पण बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत त्यांची नोंद होत नव्हती. वर्षानुवर्षं. आकडा पुढे १३ हजार कोटींच्या वर गेला. महिन्याअखेरीस सीबीआयने गुन्हा नोंदवला, तेव्हा नीरव मोदी आणि त्याचा मामा मेहुल चोक्सी, दोघेही देशाबाहेर पोचले होते. चोक्सीला अँटिग्वाचं नागरिकत्व आदल्या नोव्हेंबरातच मंजूर झालं होतं.

याआधी देशाने हे एकदा पाहिलं होतं. २ मार्च २०१६ ला किंगफिशर विमान कंपनीचा मालक विजय मल्ल्या बँकांची कर्जं थकवून दिल्लीहून लंडनला गेला. त्याच्या नावाची लुकआउट नोटीस, म्हणजे विमानतळांना दिलेली सूचना, होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिच्यात लिहिलं होतं, दिसल्यास रोखा. नोव्हेंबरात ती बदलली. दिसल्यास कळवा. हा बदल म्हणजे निर्णयातली चूक होती, असं पुढे सीबीआयकडूनच सांगण्यात आलं. या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी जागा हीच आहे. पुढे जे कायदे झाले, परदेशी न्यायालयांत जे खेटे झाले, वकिलांवर जो खर्च झाला, तो सारा विमानतळावरच्या त्या एका शब्दानंतरचा आहे.

तेव्हा कायद्याच्या हातात काय होतं? आरोपीला फरार घोषित करता येत होतं. मालमत्तेवर टाच आणता येत होती. पण टाच म्हणजे मालकी नव्हे. पैशांच्या अफरातफरीविरुद्धच्या पीएमएलए कायद्यात मिळकत कायमची सरकारजमा व्हायची, तर सर्वसाधारणपणे आधी दोष सिद्ध व्हावा लागे. आणि आरोपीच हजर नसेल तर खटला जागचा हलत नसे. जो पळाला त्याच्या बाजूने काळ काम करत होता. बंगल्याला सील लागायचं आणि बंगला तसाच पडून राहायचा.

२१ एप्रिल २०१८ ला राष्ट्रपतींनी अध्यादेश काढला. जुलैमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. फरार आर्थिक गुन्हेगार कायदा, २०१८.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण हा कायदा माणसाच्या मागे धावत नाही. तो मिळकतीला धरतो. कायद्याच्या अनुसूचीत दिलेला गुन्हा हवा, त्याची रक्कम १०० कोटी किंवा त्याहून जास्त हवी आणि भारतातल्या न्यायालयाचं अटक वॉरंट निघालेलं हवं. शिवाय माणूस खटला टाळायला देश सोडून गेलेला हवा, किंवा परतायला नकार देत असायला हवा. मग सक्तवसुली संचालनालय, म्हणजे ईडी, विशेष न्यायालयात अर्ज करते. न्यायालय नोटीस काढतं आणि हजर राहायला किमान सहा आठवडे देतं. पॅन किंवा आधारसाठी दिलेल्या ईमेलवरही ही नोटीस पाठवता येते, त्यामुळे पत्ता सापडला नाही ही सबब उरत नाही.

या सहा आठवड्यांत माणूस स्वतः येऊन उभा राहिला, तर न्यायालय ही कारवाई तिथेच थांबवू शकतं. मूळ खटला चालतो, बाकीचं दडपण दूर होतं. कायद्याला खरं तर एवढंच हवं आहे. या आणि कोर्टात उभे राहा. तो आला नाही, आणि ईडीने आपलं म्हणणं न्यायालयाला पटवून दिलं, तर त्याला फरार आर्थिक गुन्हेगार घोषित केलं जातं. मग गुन्ह्यातून आलेली मिळकतच नव्हे, त्याची इतर मालमत्ताही सरकारजमा होऊ शकते. भारतातली, परदेशातली, दुसऱ्याच्या नावावर ठेवलेलीसुद्धा. दोष सिद्ध होण्याची वाट पाहावी लागत नाही.

५ जानेवारी २०१९ ला मुंबईच्या विशेष न्यायालयाने मल्ल्याला घोषित केलं. या कायद्याखालचा तो पहिला. त्याच वर्षी ५ डिसेंबरला नीरव मोदी. आणि ८ जून २०२० ला या कायद्याखाली देशातली पहिली जप्ती झाली, नीरव मोदीच्या मिळकतीची. त्या यादीत वरळीच्या समुद्र महलमधले चार फ्लॅट होते. अलिबागचं समुद्रकाठचं फार्महाऊस आणि जमीन होती. जैसलमेरची पवनचक्की, लंडनचा फ्लॅट, आखाती अमिरातीतली घरं, शेअर, बँकेतल्या ठेवी. एकूण सुमारे ३२९ कोटी.

३२९ कोटी एकीकडे आणि १३ हजार कोटी दुसरीकडे. ही दरी डोळ्यांआड करून या कायद्याचं कौतुक करता येणार नाही. पैसा माणसाच्या आधी देश सोडतो. उरतं ते दिसतं तेवढंच, घरं, गाड्या, भिंतीवरची चित्रं. मल्ल्याच्या बाबतीत वसुली मोठी झाली, कारण त्याचे शेअर भारतात होते आणि ईडीने त्यांवर वेळीच टाच आणली होती. ते विकून बँकांकडे पैसा वळला. अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलेला आकडा आहे १४,१३१ कोटींचा. मात्र ही रक्कम पीएमएलए आणि कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या वाटेने आली, हे श्रेय देताना लक्षात ठेवायला हवं.

मल्ल्याचं म्हणणं असं, की न्यायाधिकरणाने ठरवलं ६,२०३ कोटी आणि व्याज, बँकांनी घेतले त्याच्या दुपटीहून जास्त, आता माझा गुन्हा काय? हिशोबाचा वाद हिशोबाच्या जागी मांडता येईल. पण आरोप कर्ज थकल्याचा नाही, फसवणुकीचा आहे, आणि त्याचं उत्तर पैशाने होत नाही. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या देण्यांसाठी ३०० कोटींहून अधिक रक्कम मोकळी व्हायला डिसेंबर २०२५ उजाडला. तेरा वर्षं. घराचे हप्ते, मुलांच्या फिया, आईवडिलांची औषधं यांनी इतकी वर्षं थांबायचं कसं?

मिळकत इथे मिळाली, तरी माणूस आणायचा तर परदेशी न्यायालयाचा उंबरा ओलांडावा लागतो. भारत आणि ब्रिटन यांचा प्रत्यार्पण करार १९९२ चा. मल्ल्याविरुद्ध लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निकाल दिला. एप्रिल २०२० मध्ये त्याचं अपील फेटाळलं, मे महिन्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाची वाटही बंद झाली. तरी तो आलेला नाही. नीरव मोदी मार्च २०१९ मध्ये लंडनला पकडला गेला.

या सुनावण्यांत मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची बराक क्रमांक १२, म्हणजे आणलेल्या आरोपींना जिथे ठेवायचं ती जागा, पुन्हा पुन्हा येते. तिथे उजेड किती, हवा किती, एका कैद्याला जागा किती, हे भारताला लंडनमध्ये दाखवावं लागलं. चोक्सी एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियममध्ये पकडला गेला, तेव्हा तिथल्या न्यायालयासमोरही हीच बराक आली. ऑक्टोबरमध्ये अँटवर्पच्या अपील न्यायालयाने प्रत्यार्पणाला मान्यता दिली, डिसेंबरमध्ये वरच्या न्यायालयाने ती कायम ठेवली. उलट बाजूला शस्त्रास्त्र व्यवहारांतला सल्लागार संजय भंडारी याचं प्रकरण. फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने त्याला पाठवायला नकार दिला, आणि कारणांत तिहारमधल्या मारहाणीचा व खंडणीचा धोका होता. भारतातले तुरुंग माणसांना ठेवण्यालायक करणं ही हजारो कच्च्या कैद्यांसाठी मुळातच करायची गोष्ट. ती केली नाही, तर त्याचा फायदा सर्वांत श्रीमंत आरोपीला होतो.

या कायद्याची एक बाजू मला खटकते, आणि ती सांगितलीच पाहिजे. घोषित झालेल्या माणसाला कुठलाही दिवाणी दावा लढवायला न्यायालय मनाई करू शकतं. त्याच्याशी जोडलेल्या कंपनीलाही ही मनाई लागू शकते. त्या कंपनीत इतरांचे पैसे असतात, ज्यांनी देश सोडलेला नाही. न्यायालयाचं दार बंद करण्याचा अधिकार इतका मोकळा ठेवायला नको होता.

मग आलं संदेसरा प्रकरण. स्टर्लिंग बायोटेक या औषध कंपनीच्या या प्रवर्तकांना दिल्लीच्या न्यायालयाने २०२० मध्ये फरार आर्थिक गुन्हेगार घोषित केलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ५,१०० कोटी भरा, फौजदारी कारवाई संपेल. हा निर्णय पुढच्या प्रकरणांत दाखला म्हणून वापरू नये, असंही नमूद केलं. बँकांना पैसा मिळतो, हे खरं. पण परदेशात बसून घासाघीस करणाऱ्या प्रत्येकाने ती बातमी वाचली असेल. छोटं कर्ज थकवणाऱ्या माणसाला असा सौदा कुणी देऊ करत नाही.

खटलाच चालवायचा तर आता एक वाट उघडली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५६व्या कलमाने घोषित फरारी आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालवून निकाल देता येतो. आरोपनिश्चितीनंतर ९० दिवस थांबायचं, वॉरंट आणि जाहीर सूचना द्यायची, आरोपीला वकील नसेल तर सरकारने द्यायचा. मात्र त्या तारखेला प्रलंबित असलेले खटले जुन्याच फौजदारी प्रक्रिया संहितेने चालवायचे, असं ५३१व्या कलमात लिहिलेलं आहे. म्हणजे ज्यांच्यामुळे देश हादरला, त्यांच्या जुन्या खटल्यांना ही वाट सहज लागू होत नाही.

त्यांच्यासाठी जुन्या संहितेचं २९९वं कलम आहे. आरोपी फरार असताना साक्षीदारांचे जबाब नोंदवून ठेवता येतात, आणि साक्षीदार पुढे हयात नसला तरी ते पुरावा म्हणून वापरता येतात. या प्रकरणांतले कितीतरी साक्षीदार बँकेचे अधिकारी आहेत. काही निवृत्तीला आले, काही निवृत्त झाले. लंडन आणि ब्रुसेल्सच्या तारखांकडे डोळे लावून बसण्यापेक्षा सीबीआय आणि ईडीने त्यांचे जबाब मुंबईच्या न्यायालयात याच वर्षी नोंदवून घ्यावेत.