पहिलं पाणी नदीला

मंडळी, पंचगंगेकाठच्या माणसाला बंधारा म्हणजे काय हे सांगायला नको. तरी मी तिथूनच सुरुवात करतो, कारण नदीची आणि माझी खरी ओळख बंधाऱ्यावरच झाली. सातवी-आठवीत असेन. जूनचा दुसरा आठवडा, रात्रभर पाऊस झालेला, सकाळी नदी तांबडी झालेली. बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या लाकडी फळ्या, काढून झाले होते, पण दोन खांबांमधल्या एका गाळ्यातले खालचे दोन-तीन गाळात रुतून तसेच राहिले होते. त्या गाळ्यापुढं मासे दाटले होते. त्यात एक मोठी मादी होती; तिचं नाव तेव्हा मला माहीत नव्हतं. ती मागं सरायची, अंग आवळायची आणि उसळी मारून थेट लाकडावर आदळायची. पुन्हा मागं, पुन्हा उसळी. एका बाजूचे खवले निघून कातडी पांढरी पडली होती. पोरांनी तिला टोपलीत घेतलं, तेव्हा पोटाला नुसता अंगठा लागला तरी गाभोळी बाहेर येत होती.

यालाच आपण चढणीचे मासे म्हणतो. कोकणात वलगणीचे म्हणतात. पहिल्या पावसाचं गढूळ, गार पाणी आलं, नदी चढायला लागली, की मासे प्रवाहाच्या उलट वर निघतात आणि ओढ्याच्या तोंडाशी, भाताच्या खाचरात, उथळ गोट्यांत अंडी घालतात. त्यांचं वर्ष या मोजक्या दिवसांवर अवलंबून असतं. वाट अडली तर त्या वर्षीची पिल्लं गेली.

नदी वाचवा म्हटलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. आता आपलं पाणी जाणार, असं वाटतं. मी शेतकऱ्याच्याच घरातला आहे, ती धास्ती मला ठाऊक आहे. पण आपण कायम विचारतो की माशाला पाणी किती द्यायचं. ते कधी द्यायचं, हे कुणी विचारत नाही. जूनमध्ये पाऊस लागल्यावर किती जणांच्या मोटारी चालू असतात? पाऊस ओढला आणि आडसाली उसाची लागण खोळंबली तर गोष्ट वेगळी. एरवी त्या दिवसांत ऊस आणि मासा एकमेकांच्या आड येतच नाहीत. आड येतात ते वेळेवर न निघालेले बर्गे, आणि पहिला लोंढा सगळाच्या सगळा पोटात घेणारं धरण. धरण भरायला पुढं जुलै-ऑगस्ट असतोच. पहिल्या पाण्यातला थोडा भाग दोन-चार दिवस खाली सोडला, तर खालच्या माशाला कळतं की पावसाळा आला. आणि बर्गे मे संपायच्या आत, तळापर्यंत, गाळ उकरून निघाले पाहिजेत. एवढ्यासाठी कुणाचं एक एकरसुद्धा वाळत नाही.

खरी अडचण उन्हाळ्याची आहे आणि ती मी झाकणार नाही. मार्च ते मे नदी म्हणजे बंधाऱ्या-बंधाऱ्यामागं साठलेल्या तळ्यांची माळ. पाणी हलत नाही, त्यात गावाचं आणि कारखान्यांचं सांडपाणी, उन्हानं पाणी तापतं, त्यातला प्राणवायू संपतो, आणि एका सकाळी पांढऱ्या पोटांचा खच काठाला लागतो. तुम्ही सगळ्यांनी तो वास घेतलेला आहे. जुने डोह असते तर मासे तळाच्या गारव्याला गेले असते. वाळूउपशानं आणि गाळानं ते गेले. अशा पाण्यात टिकते ती बाहेरून आलेली चिलापी. 1839 साली साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं पुण्याजवळच्या मुळा-मुठेत सापडलेल्या महाशीर या माशाला जे शास्त्रीय नाव दिलं, त्यात आपल्याकडचं ‘खुद्री’ हे नावच आलं. त्या माशाला मात्र वाहतं पाणी आणि स्वच्छ गोटे लागतात. साठलेल्या पाण्यात त्याची वीण होत नाही.

इथं उसाबद्दल बोलावंच लागतं. राज्याच्या पिकाखालच्या जमिनीत ऊस चार टक्क्यांच्या आसपास, आणि सिंचनाच्या पाण्यातला फार मोठा वाटा त्याला जातो. उत्तर म्हणून आपण ठिबक म्हणतो. ठिबक चांगलंच आहे, पाचटाचं आच्छादनही चांगलं. पण आपल्या भागात ठिबकनं वाचलेलं पाणी जातं कुठं? शेजारच्या माळावर. जिथं काल जोंधळा होता तिथं आज सरी पडते. ऊस वाढला, पाणी तेवढंच उपसलं, नदीला थेंब मिळाला नाही. 2005 च्या कायद्यांनी पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीनं, म्हणजे मोजून, पाणीहक्क देण्याची वाट केली आहे. माझं म्हणणं एवढंच, की संस्थेनं जेवढं वाचवलं त्यातला ठरलेला हिस्सा उपसायचाच नाही, असा ठराव संस्थेच्या पाण्याच्या वहीत लिहावा. पाणी मोजलं नाही तर वाचलं किती, हे कळायचंच नाही.

सगळा बोजा शेतकऱ्यावर टाकणंही बरोबर नाही. कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादानं कोयना धरणाचं 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वीज करून पश्चिमेला न्यायला मुभा दिलेली आहे. ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. नदीच्या हिशेबात हा आकडाही मांडला पाहिजे.

अमेरिकेत क्लॅमथ नावाची नदी आहे. 2001 च्या दुष्काळात तिथल्या माशांसाठी कालव्यांचं पाणी तोडलं, शेतं वाळली, शेतकरी रस्त्यावर आले. पुढच्या वर्षी शेतीला पाणी दिलं, आणि सप्टेंबरात नदीच्या खालच्या टप्प्यात हजारो सामन मासे मेले. दोन्ही वर्षी एकाला तोडून दुसऱ्याला दिलं. पुढं वीस-बावीस वर्षं मच्छीमार आदिवासी जमाती, सरकार, वीज कंपनी आणि काही शेतकरीही बोलत राहिले. 2024 पर्यंत चार धरणं पाडली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सामन त्या जागा ओलांडून वर गेले. लोक हे ऐकून म्हणतात, बघा, धरणं पाडली की झालं. ती चार विजेची धरणं होती, शेतीची नव्हती. शेतीच्या पाण्याचा वाद तिथं अजून मिटलेला नाही. वाट मोकळी करणं त्यातल्या त्यात सोपं होतं, ते आधी झालं.

आपल्याकडेही सोपं आधी करू. पाटबंधारेवाले उपसाबंदी जाहीर करतात तेव्हा तुम्ही मोटारी बंद ठेवता, चिडता, पण ठेवता. त्याच पत्रकात दोन ओळी वाढवून मागा: बर्गे काढायची तारीख, आणि गावाजवळच्या एका डोहाचं नाव, जिथून उन्हाळ्यात फूटवाल्व, म्हणजे मोटारीच्या पाइपचं पाण्यातलं तोंड, उचललेला असेल. डोह कुठला, हे तुमच्या गावातल्या भोयांना विचारा. त्यांना अजून आठवतंय.