कागद ठेवले म्हणून

नमस्कार, श्रोते हो. पूर्वी आपल्याकडे घरोघरी खुंटीला एक वाकवलेली तार असायची आणि आलेली पोस्टकार्डं तिला टोचलेली असायची. आज ज्या कागदांविषयी बोलणार आहे, तेही असेच कुणीतरी जपले म्हणून राहिलेले. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात ते आहेत. मार्टीन ओ काइन या आयरिश भाषेतल्या लेखकाचे कागद.

जन्म 1906 चा, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉनेमारा भागातला. घरीदारी आयरिशच. पेशानं शाळामास्तर. पण आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र क्रांतिकारी संघटनेत होते म्हणून 1936 साली नोकरी गेली आणि महायुद्धाच्या काळात सरकारनं त्यांना ‘करा’ नावाच्या ठिकाणच्या छावणीत डांबलं, ते 1944 पर्यंत. छावणीत त्यांनी सोबतच्या कैद्यांना आयरिश शिकवली. तिथून तोमास बारेद या लेखकमित्राला पत्रं लिहिली. मित्रानं ती ठेवली. लक्षात घ्या, ठेवली! 1973 साली त्या पत्रांचं पुस्तक निघालं. जुनी पत्रं रद्दीत घालू नका, हे मी सांगून सांगून थकलो, आज पुन्हा सांगतो.

आता मला फार आवडणारी गोष्ट. ओ काइन यांनीच 1969 साली एका भाषणात ती सांगितली होती. त्यांच्या मुलखात एक बाई वारली. थंडीचे दिवस. शेजारीपाजारी कबर खणायला गेले. कुणाचं कुठे पुरलंय याचा एक नकाशा होता, पण कसा? लहान मूल चिमट्यानं चुलीच्या राखेत रेघोट्या ओढतं ना, तसा! एक खड्डा खणला, तो चुकला. दुसरा खणला, तोही चुकला. तिला घरच्यांच्याच कबरीत ठेवायचं, तर घरच्यांची शवपेटी काही सापडेना. दिवस कलायला लागला. शेवटी जी जागा उघडली होती तिथंच बाईला ठेवून माती लोटली. परतताना कुणीतरी विचारलं, अरे, आपण तिला कुणाच्या उरावर ठेवलं? आणि उत्तर आलं, जिच्याशी तिचं जन्मभर पटलं नाही, नेमकी तिच्याच! तेव्हा एक शेजारी म्हणाला, आता खाली काय तोंडाला तोंड लागेल!

बस्स. एवढ्या एका वाक्यातून कादंबरी उभी राहिली. ‘क्रे ना किल्ये’, म्हणजे स्मशानातली माती, 1949. तिच्यात बोलतात ती सगळी पुरलेली माणसं. कॅत्रिना नावाची बाई नुकतीच आलीय आणि तिला घोर काय, तर आपल्याला एक पौंडाच्या जागेत पुरलं की पंधरा शिलिंगांच्या, स्वस्तातल्या! वर जिवंत असलेल्या बहिणीवरचा राग अजून धगधगतोय. नवं प्रेत आलं की सगळे त्याच्याकडे गावाची खबर विचारतात. पाणवठ्यावरची भांडणं ज्यानं कान देऊन ऐकली, त्यालाच हे लिहिता येतं. भाषा जगते ती अशा तोंडांत, असं माझं ठाम मत आहे. शब्दकोशांचा मान मोठाच, पण जीव इथं असतो.

हा माणूस नुसता लिहीत बसला नाही. कॉनेमाऱ्यात खडकाळ तुकड्यांवर पोट भरेना, म्हणून आयरिश बोलणाऱ्यांना पूर्वेकडे चांगली जमीन द्या, या चळवळीत ते पुढे होते. 1935 साली 27 कुटुंबं मीथ परगण्यातल्या रा कार्नला वसली. आपली भाषा सोबत घेऊन. आयरिशभाषक प्रदेश म्हणून सरकारी मान्यता मिळायला मात्र 1967 साल उजाडलं.

1969 मध्ये ट्रिनिटीत ते आयरिशचे प्राध्यापक झाले. 1970 मध्ये गेले. मागे हस्तलिखितं राहिली, आणि पुन्हा सांगतो, ती ठेवली गेली. म्हणून 1995 साली ‘अहनूअखन’, म्हणजे नूतनीकरण, ही कादंबरी छापली गेली आणि 2002 साली ‘बार्ब्ड वायर’. लेखकाला जाऊन तोवर बत्तीस वर्षं झाली होती. वेळ संपत आली, श्रोते हो. नमस्कार.