टेकडीवरचे शेजारी

नमस्कार श्रोतेहो. वस्ती जुनीच असते, शेजारी जुनेच असतात. मग पैसेवाल्यांची नजर पडते, भाडी चढतात आणि एकेक बिऱ्हाड हलतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखकांनी हे कथा-कादंबऱ्यांतून फार जवळून सांगितलंय.

टोनी मॉरिसन यांच्या १९७३ सालच्या ‘सुला’ या कादंबरीतला एक किस्सा तर मी सांगणारच. एका गोऱ्या जमीनदारानं आपल्या गुलामाला शब्द दिला: ही अवघड कामं पुरी कर, तुला मोकळं करतो, शिवाय खालची, तळातली जमीन देतो. त्यानं कामं केली. मोकळं करायला मालकाचं काही जात नव्हतं, पण खालची सुपीक जमीन काही हातून सुटेना. म्हणाला, “ती टेकडी बघ, तीच तळातली जमीन.”

“मालक, ती तर वर आहे!”

“आपल्याला वर. देव वरून बघतो ना, त्याला तो स्वर्गाचा तळ दिसतो. याहून चांगली जमीन नाही!”

झालं. त्या बिचाऱ्यानं उलट मालकाच्याच मागे लागून टेकडी मागून घेतली. तिथे पेरणीला कंबर मोडायची, माती घसरायची, बी वाहून जायचं. सुपीक जमीन खाली, गोऱ्यांकडे. वाऱ्याची टेकडी वर, यांच्याकडे.

तरी वस्ती उभी राहिली. तिथे रेबाची खानावळ होती. रेबा डोक्यावर हॅट घालूनच रांधायची, कारण हॅट काढली की कशात काय घालायचं तेच तिला आठवत नसे!

आणि पिढ्या गेल्यावर टेकडी कुणाला हवीशी झाली? गोऱ्यांनाच! रेबाची खानावळ पाडायची, कशासाठी, तर गोल्फच्या मैदानासाठी. हा खेळ मला कधी उमजला नाही. एवढी जमीन, एवढं पाणी आणि खेळणारी माणसं चार! क्रिकेटला निदान गल्ली पुरते. असो.

नेथन मॅकॉल यांची २००७ची ‘देम’ अटलांटातली. मार्टिन ल्यूथर किंग जन्मले त्याच भागात गोरं जोडपं राहायला येतं आणि शेजारच्या काळ्या भाडेकरूशी त्यांचं अवघडलेलं नातं सुरू होतं. अ‍ॅलिसा कोल यांनी २०२०मध्ये तर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागावर थरारकथाच लिहिली, ‘व्हेन नो वन इज वॉचिंग’. एकेक शेजारी दिसेनासा होतो. लोक म्हणतात, गेले असतील दुसरीकडे राहायला. पुढचं सांगत नाही. फक्त रात्री एकट्यानं वाचायला घेऊ नका.