यादीतली नावं

[दृश्य : अटारी, संध्याकाळ. फाटकातून रांगेत चालत येणारी माणसं.]

पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटलेले हे भारतीय मच्छीमार सीमा ओलांडून घरी परतताहेत. कराचीहून लाहोरपर्यंत रेल्वे. लाहोरहून वाघ्यापर्यंत बस. पुढची ही पावलं पायी. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी आणि एक कागद. हा कागद म्हणजे इस्लामाबादच्या भारतीय उच्चायुक्तालयाने दिलेलं तातडीचं प्रवास प्रमाणपत्र. मासे धरायला निघालेल्या माणसाकडे पासपोर्ट कुठून असणार?

[दृश्य : ओखा बंदर. जाळी चढवणारे खलाशी.]

बोटी गुजरातच्या. ओखा, पोरबंदर, वेरावळच्या. पण त्यांच्यावर राबणारे बरेच हात आपल्या पालघरचे आहेत, डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचे आदिवासी खलाशी. पावसाळी बंदी उठली की ते निघतात. घरी आगाऊ उचल दिलेली असते, ती फेडायला पुढचे आठ-नऊ महिने समुद्रावर.

[दृश्य : नकाशा. कच्छचं रण, सर क्रीक.]

आता हा नकाशा नीट पाहा. कच्छ आणि सिंध यांच्यामधली ही खाडी, सर क्रीक, सुमारे 96 किलोमीटर लांब. 1914 साली मुंबई सरकारने एक ठराव करून कच्छ संस्थान आणि सिंध यांची हद्द ठरवली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. त्या ठरावाच्या नकाशावर बोट ठेवून पाकिस्तान म्हणतो, हद्द पूर्व काठावर. भारत म्हणतो, खाडीच्या मधल्या प्रवाहावर. जमिनीवरचा हा वाद सुटत नाही, म्हणून तिथून पुढे समुद्रातली रेषाही दोघांना मान्य अशी ठरत नाही. आणि मासळी नेमकी याच पाण्यात भरपूर. इंजिन बंद पडलं, ओढीने बोट वाहवली, की पाकिस्तानची सागरी सुरक्षा दलाची नौका समोर उभी राहते. बोट जप्त. माणसं कराचीच्या मलीर तुरुंगात.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. समुद्री कायद्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम 73 म्हणतं की विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रात, मासेमारीचा नियम मोडला, तर दोन्ही देशांत तसा करार असल्याखेरीज कैद देता येत नाही. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही या करारावर शिक्कामोर्तब केलं आहे.

[दृश्य : कागदांचा गठ्ठा. शिक्के, सह्या.]

दोन देशांमध्ये कैद्यांबाबत स्वतंत्र करारही आहे, 21 मे 2008 चा. दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला दिल्लीत आणि इस्लामाबादमध्ये एकाच वेळी, आपल्या तुरुंगात असलेल्या दुसऱ्या देशाच्या कैद्यांच्या याद्या द्यायच्या. अटकेनंतर तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू द्यायचं. शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्व पटलं, की एका महिन्यात घरी पाठवायचं.

एका महिन्यात.

घोडं अडतं ते 'राष्ट्रीयत्व पटलं' या दोन शब्दांवर. कैद्याची माहिती उच्चायुक्तालयाकडून दिल्लीला, दिल्लीहून राज्याला, राज्याकडून जिल्हा पोलिसांना, तिथून पाड्यावर. मलीरमध्ये तोंडी सांगितलेलं नाव उर्दूत आणि इंग्रजीत उतरतं, आणि ते मराठी रेशनकार्डाशी जुळवायचं असतं. जुळलं, की उत्तर त्याच वाटेने परत.

हे सगळं पाहायला दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती 2007 मध्ये नेमली होती. ते तुरुंगांत जात, कैद्यांशी बोलत. त्यांची शेवटची भेट ऑक्टोबर 2013 मधली. ही समिती पुन्हा उभी करायचं 2018 मध्ये ठरलं. ठरलं तेवढंच.

[दृश्य : अटारी. मिठी मारणारे नातेवाईक.]

म्हणून सुटका होते ती राजकारणाचा वारा पाहून. एप्रिल 2019, पुलवामानंतरचा ताण निवळावा म्हणून पाकिस्तानने 360 कैदी टप्प्याटप्प्याने सोडायचं जाहीर केलं, त्यात 355 मच्छीमार. मे 2023, पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री गोव्यात बाणावलीला शांघाय सहकार्य संघटनेच्या परिषदेसाठी आले. आपल्या मंत्र्यांशी त्यांची वेगळी बैठक झाली नाही, पण पुढच्याच आठवड्यात 198 मच्छीमार या फाटकातून आले. याला सदिच्छा म्हणतात. करारात याला हक्क म्हटलं आहे.

मार्च 2024 मध्ये पालघरचा एक खलाशी कराचीत तुरुंगातच वारला. मृतदेह घरी पोचेपर्यंत एप्रिल सरला.

[दृश्य : बंद फाटक.]

पहलगामनंतर, एप्रिल 2025 मध्ये, अटारीची चौकी बंद झाली. मे महिन्यात क्षेपणास्त्रं उडाली. तरीही 1 जुलै 2025 ला याद्या दिल्या गेल्या. भारताच्या यादीत 382 नागरी कैदी आणि 81 मच्छीमार. पाकिस्तानच्या यादीत 53 नागरी कैदी आणि 193 मच्छीमार, 'भारतीय किंवा भारतीय असल्याचं मानलं जाणारे'.

[दृश्य : तलासरी तालुका. कुडाच्या भिंतीचं घर, दारात बसलेली बाई.]

इथे पडताळणी झाली आहे. पोलीस आले, रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन गेले. ते मूळ रेशनकार्ड तिने अजून बाहेरच ठेवलं आहे, पुन्हा कुणी मागेल म्हणून.