डोंगराला विचारून बांधा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'निसर्गात मिसळणारी घरं'. घराला हिरवा रंग मारला की काम झालं असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल चहाला जावं. कुणी उठलं नाही. म्हणजे चहा झालेला दिसतोय.

बालाघाटाच्या उतारावर एका मालकांनी दोन एकर घेतले. मला जागेवर नेलं आणि पहिला प्रश्न विचारला, "साहेब, जेसीबी कवा बोलवायचा?" म्हटलं, कशाला? "डोंगर सपाट कराया." अहो, डोंगर बघूनच घेतली ना जागा? "हां, पण घराला प्लेन लागतंय ना." पुढची फर्माईश अशी की, पश्चिमेची अख्खी भिंत काचेची पाहिजे, सूर्यास्त दिसायला. मराठवाड्यात, मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत! म्हटलं, संध्याकाळपर्यंत आपणच शिजून निघू. "एसी लावू की." आणि लाइट? त्यावर ते नुसते हसले.

काम दुसऱ्यानं केलं. आता दुपारी बारापासून जाड पडदे ओढून बसतात. सूर्यास्त बघायला गच्चीवर जातात. मागचा डोंगर उभा कापलाय, त्यामुळे पावसाळ्यात मुरूम ढासळून स्वयंपाकघराच्या दारात येतो. मालकांनी वास्तुशांत पुन्हा करून घेतली. मुरमाला ते कुणी कळवलेलं दिसत नाही.

मग बांधायचं कशानं? माझं उत्तर जुनंच, जागेवरच्या दगडमातीनं. ते ऐकून समोरचे काका अस्वस्थ आहेत. त्यांचा प्रश्न मला ठाऊक आहे: दगडमातीचं कौतुक करताय, किल्लारी विसरलात का? लातुरात उभं राहून कोण विसरेल? ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पनचा तो भूकंप. विसर्जन करून गावं नुकतीच झोपली होती. हजारो माणसं गेली आणि दगडावरचा विश्वासही गेला. पण भिंती आठवा. दोन्ही अंगांना दगड, मधे चिखलाचा गारा आणि खडी, आरपार जाणारा दगड एकही नाही. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छप्पर; दरवर्षी गळतंय म्हणून माती टाकत गेलो, ती दीड-दोन फुटांवर गेली. कित्येक घरांत भिंती कोसळल्या आणि सागाच्या खांब-तुळयांचे खण मात्र उभे राहिले. दोष बांधणीचा होता. शिक्षा दगडाला झाली आणि त्याच्याबरोबर चौक, ओसरी, दारालगतची ढेलज हेही हद्दपार झालं. मग पत्र्याखाली, चार इंची भिंतीत, पंख्याकडे बघत उन्हाळे काढतोय आपण.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. खरं व्याख्यान आता सुरू होणार होतं! असो, भरभर सांगतो.

आपले डोंगर लाव्ह्याच्या थरांचे, मुळातच टप्प्याटप्प्यांचे. घरही टप्प्यांत बसवा. एक खोली तीन पायऱ्या खाली गेली तर बिघडत नाही. कापलेला दगड तिथंच जोत्याला आणि भिंतीला वापरा, म्हणजे रंग आपोआप जुळतो. भिंत दीड फुटापेक्षा जाड नको. दर दोन फूट उंचीला, चार फुटांच्या आत एकेक आरपार दगड, आणि दारं-खिडक्यांच्या वर सलग काँक्रीटची पट्टी. गवंडी म्हणेल "कशाला?" तिथं ऐकू नका. घराच्या वरच्या अंगाला चर काढा, पाणी बाजूनं उतरू द्या. पश्चिमेला न्हाणी, जिना, कोठीची खोली; खिडक्या कमी. मोठी दारं चौकात उघडा. खाली काळ्या रानात बांधत असाल तर पाया मुरमापर्यंत न्या. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंतीला चिरा पाडते. जागेवरचं लिंबाचं झाड नकाशावर आधी काढा, खोल्या नंतर.

छप्पर राहिलंच. माळवदातल्या सान्यातून, म्हणजे छपरातल्या झरोक्यातून, उजेड कसा यायचा आणि धूर कसा जायचा, ते आजच्या हलक्या छपरात कसं आणायचं यावर माझ्याकडे अर्धा तास आहे. पण अध्यक्ष उभे राहिलेत, आणि माईकवाल्यानं वायर गुंडाळायला घेतलीय.