परत घ्याल का?

(टेरिअर जातीचं छोटं कुत्रं घरी आणू पाहणाऱ्यांसाठी एका पशुवैद्यक डॉक्टरांनी पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. दवाखान्यात लोक येतात ते पिल्लू घेतल्यानंतर. घेण्याआधी विचारायला क्वचितच कुणी येतं, म्हणून आज आयोजकांनी बोलावलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

आज बोलायचंय ते छोट्या टेरिअरबद्दल. आपल्याकडे फ्लॅटमध्ये मागणी असते ती जॅक रसेल आणि यॉर्कीला, म्हणजे यॉर्कशायर टेरिअरला. हल्ली पांढरा वेस्टी, म्हणजे वेस्ट हायलंड व्हाइट टेरिअरही दिसायला लागलाय. तिघंही मांडीवर मावतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. जॅक रसेल ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते जॉन रसेल इंग्लंडमधल्या डेव्हनचे पाद्री. ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ च्या सुमारास, त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री घेतली. पुढे तिच्यापासून, कोल्ह्याच्या बिळात शिरून त्याला बाहेर हुसकून लावणारी कुत्री तयार केली. यॉर्कीचे पूर्वज यॉर्कशायरच्या कापडगिरण्यांतले उंदीर मारायचे. म्हणजे मांडीएवढा जो प्राणी तुम्ही सोफ्यावर बसवायला आणताय, तो अंधारात एकट्याने निर्णय घेऊन भिडायला तयार केलेला आहे. तो खणणार, भुंकणार, घुशीच्या मागे धावणार. तुम्ही हाक मारली तर आधी विचार करणार आणि मग जमलं तर येणार.

हे ज्याने तुम्हाला विकण्याआधी सांगितलं, तो ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून विकणारा, बरा. ज्याने ‘एकदम शांत, फ्लॅटसाठी बेस्ट’ असं सांगितलं, त्याच्याकडून उठा.

आता मुद्द्याचं. ब्रीडर असो की सोडून दिलेल्या कुत्र्यांना नवं घर शोधून देणारी रेस्क्यू संस्था, समोरच्याला एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर मी विचारीन, ‘आम्हाला नाही जमलं तर परत घ्याल का?’ दुकानात पाटी असते ना, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’? कुत्र्याच्या बाबतीत ही पाटी ज्याच्या तोंडावर लिहिलेली दिसते, त्याला त्या पिल्लाच्या पुढच्या चौदा वर्षांशी देणंघेणं नाही. चांगला ब्रीडर याच्या उलट बोलतो. ‘कधीही अडचण आली तर परस्पर कुणाला देऊ नका, मला फोन करा’, हे तो आपणहून सांगतो, काहीजण तर लिहून घेतात. कारण सरळ आहे. विकलेलं प्रत्येक कुत्रं आपल्या दारात परत येऊ शकतं असं ज्याने धरलंय, तो पैदासच मोजून-मापून करतो आणि पिल्लू कुणालाही देत नाही. तो तुमचीच उलटतपासणी घेईल. घरी दिवसभर कोण असतं, बाल्कनीला जाळी आहे का, सोसायटीत आधी काही वाद झालाय का, गावाला जाता तेव्हा कुत्रं कुठे ठेवणार. पैसे देऊन वर ही चौकशी कशाला, असं वाटेल. वाटू द्या.

भेटीचं सांगते. पिल्लू जिथे जन्मलं तिथे जा. ‘तुम्ही कशाला त्रास घेता, मी टोलनाक्यापाशी घेऊन येतो’ म्हणणाऱ्याकडे, किंवा व्हिडिओ पाठवून आधी अ‍ॅडव्हान्स मागणाऱ्याकडे जाऊच नका. आणि गेलात की पहिली पाच मिनिटं पिल्लांकडे बघू नका, त्यांच्या आईकडे बघा. पिल्लं सगळीच गोड असतात, त्यांच्यावरून काही कळत नाही. आई तुमच्याजवळ येते का? मालकाने हाक मारल्यावर शेपूट हलवते की पोट जमिनीला घासत कोपऱ्यात जाते? नखं वाढून वळलेली आहेत का? पिल्लांना पाजणारी कुत्री थोडी वाळलेली असणारच, केसही गळतात, त्याला घाबरू नका. पण मागच्या पायांवर विष्ठेचे वाळलेले गोळे, अंगाला लघवीचा वास, डोळ्यांत घाण, हे दिसलं तर ती पिंजऱ्यात राहते. ‘आई गावाला आहे’, ‘आईला फिरायला नेलंय’ ही उत्तरं मी इतक्यांदा ऐकली आहेत की त्या आया आहेत तरी कुठे असा प्रश्न पडतो. बाप तिथे नसेल तर मात्र शंका घेऊ नका. नर बहुतेकदा दुसऱ्याचा असतो.

वय. आपल्याकडे पिल्लू ‘पंचेचाळीस दिवसांचं’ विकायची पद्धत पडलीय. केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम केले, त्यांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे छप्पन्न दिवस. हे अकरा दिवस कागदावरचे नाहीत. त्या दिवसांत पिल्लू भावंडांशी मस्ती करताना जोरात चावतं, समोरचं केकाटतं आणि खेळ थांबवतं, आई गुरकावते. दात किती जोरात लावायचे हे तिथे कळतं. टेरिअरने हे शिकलेलं नसेल तर पुढे ते तुमच्या मनगटावर शिकतं. यॉर्कीसारख्या चिमुकल्या जातीत आणखी एक धोका. लवकर तोडलेलं पिल्लू प्रवासात, नव्या घराच्या धास्तीने काही तास खात नाही आणि त्याची रक्तातली साखर उतरते. ते लटपटतं, डोळे शून्यात लावतं, झटके येतात. अशा वेळी बोटाला मध किंवा ग्लुकोज लावून हिरड्यांना चोळा आणि तडक दवाखाना गाठा. ‘टीकप यॉर्की’ म्हणून जे विकतात ते हेच. टीकप नावाची जात नाही. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या इंग्लंडच्या केनेल क्लबच्या निकषांत यॉर्कीचं वजन ३.२ किलोपर्यंत आहे, तो तसाही छोटाच असतो. त्याहून छोटा दाखवायचा तर एक तर वय कमी असतं, नाहीतर खाणं.

कागदपत्रांचं बघू. ‘पेपरवाला इतक्याला, बिनपेपरचा इतक्याला’ असं एकाच वेतातल्या पिल्लांबद्दल सांगतात. आई तीच, बाप तोच, आणि किमतीतला फरक नोंदणीच्या फीपेक्षा कितीतरी जास्त. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही. त्यावरचा मायक्रोचिपचा नंबर आणि कुत्र्याच्या मानेत स्कॅनरवर दिसणारा नंबर जुळतो का ते मात्र बघा. त्याच २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. नंबर मागा. नंबर मागितल्यावर समोरचा चेहरा कसा होतो, तेही बघण्यासारखं असतं.

लसीचं कार्ड हातात घेऊन नीट वाचा. बाटलीवरचा स्टिकर चिकटवलेला असतो, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते, शेजारी डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक. नुसतं पेनने ‘पपी डीपी डन’, म्हणजे पिल्लाची पहिली लस झाली, असं लिहिलं असेल तर ते कार्ड नाही, चिठ्ठी आहे. आणि पंचेचाळीस दिवसांच्या पिल्लाचं ‘सगळं लसीकरण पूर्ण’ असूच शकत नाही, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागत नाही. म्हणून बूस्टर साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. पार्व्हो या जुलाब-उलट्यांच्या विषाणूची लागण झालेलं पिल्लू पहिले काही दिवस ठणठणीत दिसतं. शनिवारी आणलेलं पिल्लू बुधवारी रक्ताची हगवण घेऊन माझ्या टेबलावर येतं आणि विकणाऱ्याचा फोन लागत नाही.

आता जातीपरत्वे काय विचारायचं. यॉर्कीत गुडघ्याची वाटी सरकते. चालता चालता पिल्लू मागचा एक पाय उचलतं, तीन पायांवर दोन उड्या मारतं, पाय झटकतं आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे जातं. घरचे कौतुकाने सांगतात, ‘डॉक्टर, नाचतो हो तो!’ आईबापांच्या वाट्या कुणी तपासल्या आहेत का ते विचारा, डॉक्टरच्या बोटांना दोन मिनिटांत कळतं. जॅक रसेलमध्ये डोळ्याचं भिंग जागेवरून निसटण्याचा आनुवंशिक आजार आहे. तो साधारण तीन ते आठ वर्षांच्या वयात गाठतो, खूप दुखतं आणि वेळेत लक्षात नाही आलं तर दृष्टी जाते. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर याची जनुकीय तपासणी होते. आपल्याकडे फार थोडे ब्रीडर ती करतात, हे मला ठाऊक आहे. तरीही विचारा. ‘केलेली नाही, पण या आईच्या आधीच्या पिल्लांपैकी दोघांचे मालक तुम्हाला जोडून देतो’ असं उत्तर मिळालं तर तो माणूस निदान खरं बोलतोय. ‘आमच्या लाइनमध्ये असलं काही नसतं’ हे उत्तर सगळ्यात वाईट. वेस्टीबद्दल मी मुंबई-कोकणातल्यांना एवढंच सांगते की त्वचेची अ‍ॅलर्जी या जातीत फार, आणि दमट हवेत ती चिघळते. औषधाचा खर्च आधीच धरा.

रेस्क्यूकडे वळू. जातिवंत कुत्री रेस्क्यूमध्ये येत नाहीत असा समज आहे. येतात, भरपूर येतात. पुण्यात रेस्क्यू ट्रस्ट, मुंबईत परळचं १८८३ पासूनचं बैलघोडा हॉस्पिटल, अशा ठिकाणी चौकशी करा, आणि आपल्या पशुवैद्यालाही सांगून ठेवा, कारण बरीच कुत्री आमच्याच ओळखीतून घरं बदलतात. टेरिअर येतात ते दोन वयांत. एक म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाचा जॅक रसेल, ज्याचं गोडपण संपलंय आणि टेरिअरपण सुरू झालंय. दुसरी, सहा-सात वर्षांची यॉर्की, वेतांमागून वेतं काढून झाल्यावर सोडून दिलेली, दात किडलेले, जिना कसा चढायचा हेही माहीत नाही. पहिल्याला काम हवं असतं, दुसरीला वेळ. दोघांतही एक सोय आहे. मोठं कुत्रं जसं आहे तसं समोर असतं. पिल्लाच्या बाबतीत तुम्ही अंदाज बांधता, इथे विचारू शकता. मांजराबरोबर राहिलाय का, मुलांना चावलाय का, एकटा राहतो का? चांगली संस्था ‘चावलाय’ हे उत्तरही देते.

तीही तुमची चौकशी करणार. फॉर्म, घरी भेट, नसबंदीची अट, नंतर फोटो पाठवायला सांगणं. अनेकांना हा अपमान वाटतो आणि ते रागाने बाजारातून पिल्लू घेऊन येतात. अशा संस्था कधीकधी अती करतात, मान्य आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना सरसकट नाही म्हणणं मला पटत नाही. पण जी संस्था काहीच विचारत नाही, फक्त ‘फ्री अ‍ॅडॉप्शन, ट्रान्सपोर्टचे पैसे आधी जीपे करा’ म्हणते, ती संस्था नाही आणि ते कुत्रंही नाही, कुठून तरी उचललेला फोटो आहे.

शेवटी श्रोत्यांपैकी एका काकांनी विचारलं, ‘आम्ही दोघं सत्तरीत आहोत, मुलगा बंगलोरला. यॉर्की घ्यायचा म्हणतोय. घ्यावा का?’

काका, घ्या, पण पिल्लू नको. यॉर्की सहज चौदा-पंधरा वर्षं जगतो. सात-आठ वर्षांची, रेस्क्यूतली बघा. तुमच्या चालण्याचा वेग तिला मानवेल. आणि संस्थेत जाताना मुलाला फोनवर तरी घ्या, कारण तुमच्यानंतर तिला कोण सांभाळणार हे ते विचारतील. त्यांनी नाही विचारलं तर तुम्हीच त्यांना विचारा, की मुलालाही जमलं नाही तर तुम्ही परत घ्याल का. हो म्हणाले तर फॉर्म भरा.