आई एकटीच दारू पीत नसते

मित्रहो, गरोदरपण आणि दारू हा विषय निघाला की डोळ्यांपुढे येतं ते पोस्टर. पोटावर हात ठेवलेली बाई, शेजारी फुली मारलेला पेला आणि खाली दटावणी. या पोस्टरशी माझं भांडण आहे. त्यातला मजकूर खरा आहे, पण तो फार उशिरा बोलतो आणि एकाच माणसाला बोलतो.

उशिरा का, ते आधी पाहू. आईने घेतलेली दारू वारेतून सरळ गर्भाकडे जाते. थोड्याच वेळात बाळाच्या रक्तातलं तिचं प्रमाण आईच्या जवळपास पोहोचतं, आणि ती पचवण्याची ताकद त्या कोवळ्या यकृतात नसते. ती गर्भजलातही उतरते, तेच पाणी बाळ गिळत राहतं. बारीक डोळे, पातळ वरचा ओठ, नाकाखालची बुजलेली पन्हळ या दारूमुळे चेहऱ्यावर उमटणाऱ्या खुणांची पायाभरणी अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत होते, म्हणजे अनेकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो तेव्हा. पोस्टर दिसेपर्यंत ती वेळ टळलेली असते. मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो. त्यामुळे ‘आता काय उपयोग?’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पाचव्या महिन्यात थांबलं तरी उपयोग असतो.

आणि चेहऱ्यावर विसंबू नका. अशा बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, बाधा मेंदूला झालेली असते. कालचा धडा आज कोरा होतो, पैशांचा हिशेब लागत नाही, एकाच चुकीसाठी तेच मूल पुन्हा पुन्हा बोलणी खातं. शाळा त्याला आळशी म्हणते, पुढे पोलीस आणखी काही म्हणतात.

वैद्यकाला हे कळायला वेळ लागला. १९६८ साली फ्रान्समध्ये डॉक्टर लमुआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मग १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी या मुलांचं वर्णन केलं. आज या सगळ्या विकारांना मिळून ‘फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर’, थोडक्यात एफएएसडी म्हणतात. अमेरिकेत १९८९ पासून बाटलीवर इशारा छापला जातो. त्याचा परिणाम तपासला तेव्हा दिसलं की आधीच कमी पिणाऱ्या बायकांनी थोडं आणखी कमी केलं. जास्त पिणाऱ्यांवर फारसा फरक पडला नाही. लेबल असावंच, पण त्यावर काम भागलं असं समजणं म्हणजे दारूच्या कंपन्यांना स्वस्तात सोडणं.

पोस्टर एकाच माणसाला बोलतं, ते का पुरत नाही हे पाहायला आता फिट्झरॉय क्रॉसिंगकडे येतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागातलं हे छोटं गाव, आसपास आदिवासी वस्त्या. एका वर्षाच्या आसपास तिथे इतक्या आत्महत्या झाल्या की गाव दुखवट्यातून बाहेरच येईना. २००७ मध्ये जून ऑस्कर आणि एमिली कार्टर या दोघींच्या पुढाकाराने तिथल्या बायका उठल्या आणि परवाना अधिकाऱ्यांकडे गेल्या. मागणी अशी की कडक दारू घरी न्यायला मिळू नये. त्या ऑक्टोबरपासून तसा नियम लागू झाला. घरी न्यायला फक्त हलकी बिअर. सगळं गाव खूश झालं असं समजू नका. आपल्याच लोकांचे शिव्याशाप त्यांनी झेलले, आणि काही जण दारूसाठी दूरच्या गावांना जाऊ लागले. तरीही दवाखान्यात येणारी दारूपायीची प्रकरणं कमी झाली.

मला थक्क करतं ते त्यांचं पुढचं पाऊल. आपल्या मुलांना नक्की काय झालंय हे तपासा, असं गावानेच संशोधकांना सांगितलं. २००२ आणि २००३ साली जन्मलेल्या मुलांची तपासणी झाली. साधारण पाचातल्या एका मुलाला एफएएसडी होतं. असा आकडा बाहेर पडला की गावाच्या नावाला बट्टा लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तपासलेल्या प्रत्येक मुलासाठी पुढे काय करायचं याची योजना घरच्यांच्या हाती दिली गेली. नुसतं निदान देऊन कुणी निघून गेलं नाही. दारू बंद करण्यापेक्षाही हे मला अवघड वाटतं. २०१० ते २०१५ या काळात तिथे गरोदरपणात दारू घेणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं.

दक्षिण आफ्रिकेची पार्श्वभूमी वेगळी. केप भागातल्या द्राक्षमळ्यांवर मजुरीचा काही हिस्सा चक्क दारूत दिला जाई. कायद्याने बंद झाल्यावरही ही पद्धत कित्येक वर्षं चालू राहिली. पिढ्यान्‌पिढ्या मजुरीत दारू घेतलेल्या घरातल्या मुलीला ‘तू मन आवर’ म्हणून काय होणार?

सिएटलमध्ये १९९१ पासून एक काम चालू आहे. व्यसनातल्या गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला एक कार्यकर्ती जोडून देतात, तब्बल तीन वर्षं. ती घरी जाते, दवाखान्यात सोबत बसते, राहायच्या जागेसाठी खेटे घालते, पुढचं मूल कधी हवं यावर मोकळेपणाने बोलते. बाई पुन्हा प्याली तर? नाव कापत नाहीत. उलट तेव्हाच जास्त जातात. उलटपक्षी, पिणाऱ्या गरोदर बाईला शिक्षेची भीती दाखवली की ती तपासणीलाच येत नाही, आणि मदतीचा एकुलता दरवाजाही बंद होतो.

नर्सताई आज बऱ्याच आल्या आहेत, म्हणून विचारण्याबद्दल बोलतो. ‘दारू पीत नाही ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच कोंबलेलं आहे. बाई मान हलवते, कागदावर ‘नाही’ पडतं, सुटलो. त्याऐवजी विचारा, ‘दिवस गेल्याचं कळायच्या आधी, आठवड्यातून किती वेळा घेणं व्हायचं?’ आणि थांबा. कागदाकडे बघू नका. ती म्हणाली, ‘शनिवारी, ह्यांच्याबरोबर,’ तर चेहरा तसाच ठेवा. ती रोज आणि भरपूर घेणारी असेल तर ‘आजपासून एकदम बंद’ असं परस्पर सांगू नका. अचानक सोडल्याने झटके येऊ शकतात, तिला डॉक्टरांच्या देखरेखीत न्यायला हवं. आणि ते ‘ह्यांच्याबरोबर’ सोडून देऊ नका. पुढच्या तपासणीला त्यांनाही आत बोलवा, आणि शनिवारी घरात बाटली कोण आणतं, हे त्यांनाच विचारा.